तिसरं भोक

भिंतीवर लावलेल्या कागदाच्या कडेला चहाचा पिवळा डाग.

'अक्षराची उंची बोरूच्या टोकाच्या पाचपट ठेवा.' सुलेखनाचं पुस्तक, पान सात.

"मी त्या खंडेरावकाकांच्या सायकलची हवा सोडतो!" हे मालनसोबत आलेला बुधा म्हणाला.

पहिला क्रमांक, १९८२ : चि. बहिरू, चांदवड.

कागदाखालच्या त्या चिठ्ठीसमोर मालन पगारे मुठी आवळून उभी होती. इंदिरानगरच्या सभागृहात सुट्टीतलं सुलेखन प्रदर्शन भरलं होतं.

"हा माझा कागद आहे!"

"नाव वाच की," चिटणीस खंडेरावकाका म्हणाले. "माझा पुतण्या आहे तो."

"खालची पट्टी कापलीय! तिथं माझं नाव होतं!"

सोबतच्या झुंबरनं वाकून कागदाची कड हुंगली. "काका, तुमचा पुतण्या चहात बोरू बुडवतो का हो?"

"पळा! पुरावा आहे काही?"

मालन त्या कागदासाठी राबली होती. दीड महिना! पुस्तक म्हणे, आधी रेघा आखा. पण पेन्सिल खोडली की शाई फिसकटायची. मग तिनं पाच कागदांची चवड केली, आईच्या दाभणानं दोन्ही कडांना भोकं पाडली आणि भोकाला भोक जुळवून फुटपट्टी ठेवली, रेघ न आखताच सरळ लिहिता यावं म्हणून. डावीकडचं तिसरं भोक पाडताना दाभण सटकलं होतं. पाचही कागदांत.

"बुधा, घरी पळ! माझे बिघडलेले चार कागद आण!"

बुधा धापा टाकत परतला. मालननं भिंतीवरचा कागद उतरवला.

"ए, हात लावू नकोस!"

"माझ्या कागदाला मी हात लावणार!"

पाचही कागद जुळवून तिनं खिडकीशी धरले. भोकाभोकातून ऊन आरपार आलं. तिरक्या तिसऱ्यातूनसुद्धा!

परीक्षक सुमनबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "खंडेराव?"

"चहा सांडला हो... नाव भिजलं, म्हणून कापलं. मग कुणाचं तरी लावायचं म्हणून..."

"कुणाचं तरी?" मालन ओरडली.

"शाब्बास, पोरी!" सुमनबाई म्हणाल्या. "तिघांनाही शाब्बास! ये, बक्षीस घे."

"बक्षीस नंतर, बाई. आधी काकांनी चिठ्ठी बदलायची. माझ्यासमोर. रेघा आखून!"

खंडेरावकाकांनी पेन्सिल घेतली. रेघ वाकडी गेली.

"पुन्हा," मालन म्हणाली.

सुलेखनाचं ते पुस्तक वाचनालयात सहा वर्षं पडून होतं. मालनच्या आधी ते कुणीही नेलं नव्हतं.