बेलाईवर कढईतून

"अहो बाई, जरा बाजूला होता का? तुमच्यामुळे नदी हलून राह्यली."

मी गुडघाभर पाण्यात वाकून उभी होते. पदर कमरेला खोचलेला, हातात हिरव्या पाणवनस्पतीचा गळणारा झुबका. वळून पाहिलं, तर काठावर खाकी कपड्यांतला एक उंच तरुण उभा.

"नदी हलतेच," मी म्हटलं. "त्याला वाहणं म्हणतात."

"वाहू द्या की. लाटा नका करू फक्त. तुमच्या मागं ती काळी-पांढरी पट्टी आहे ना, तिच्यावर मला पाणी वाचायचं असतं."

मी दोन पावलं सरकले. आता हलायचं नाही म्हणून तशीच उभी राहिले. पाणी हळूहळू निवळलं. बारीक मासे पायाच्या बोटांना टोचू लागले, तरी मी पाय उचलला नाही. तो वाकून बघत होता... एक पट्टी वाचायला एवढा वेळ लागत नसावा, असं मला वाटलं.

"झालं का?"

"झालं. कधीचंच," तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला.

त्या वर्षी मी सोनाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले होते. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती, आणि कुठल्या नदीत किती पाणी आहे हे नव्या सरकारला मोजायचं होतं. म्हणून पावसाळ्यापुरता बेलाईच्या काठी एक तंबू पडला होता. त्यात राहत होते हेच पट्टी वाचणारे ओव्हरसियर सुधाकर गावंडे, पिंपळगाव राजाच्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव. माझ्याशी ते जपून, पुस्तकातलं बोलत. रंगात आले की वऱ्हाडीत घसरत. मी त्या घसरण्याची वाट बघत असे.

बेलाई ही काही नाव घेण्यासारखी नदी नव्हे. सातपुड्यातून उतरते, गावाच्या उतारावर, जिथून लोक पायी नदी ओलांडतात तिथे, जरा रुंदावते आणि मग दोन टेकड्यांमधल्या काटेरी रानात शिरते. बरंच अंतर गेल्यावर खालच्या उतारावर पुन्हा बाहेर येते. मधली नदी कुणी पाहिलेली नव्हती. तिथे ना वाट, ना शेत.

"मध्ये संथ डोह असेल तर तिथे युट्रिक्युलेरिया मिळेल," एका शनिवारी मी म्हटलं. शनिवारी शाळा सकाळची असे, आणि सुधाकररावांना का कोण जाणे, नेमकं शनिवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर पाणी प्यायला यावंसं वाटे.

"ते कोण?"

"वनस्पती आहे. पाण्यावर पिवळी फुलं येतात. पाण्याखाली तिला बारीक पिशव्या असतात, त्यांत ती किडे पकडते."

"फूल किडे खाते?"

"हो."

"दिसायला एकदम गरीब असेल?"

"फार."

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "असतं असं कधी कधी," ते म्हणाले आणि तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायले.

मग त्यांनी खिशातून नदीचा नकाशा काढला, आणि आमचा बेत सुरू झाला. सकाळी वरच्या उतारावरून पाण्यात निघायचं, दिवसभर वल्हवत मधली नदी बघायची, संध्याकाळी खालच्या उतारावर बाहेर पडायचं. फक्त एक अडचण होती. साऱ्या पंचक्रोशीत नाव नव्हती.

कढई होती. मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते, त्या उकंडरावांच्या गुऱ्हाळातली. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई एवढी ऐसपैस की चार माणसं मांडी घालून बसतील. पूर आला की गावकरी तिच्यातूनच पैलतीरावर अडकलेल्यांना आणत.

"पलीकडं काय हाये?" उकंडरावांनी विचारलं.

"माहीत नाही. किडे खाणारं एक फूल असेल कदाचित. म्हणूनच जायचंय," मी म्हटलं.

"माहीत नाही, तं काऊन जाता बाप्पा?" त्यांनी सुधाकररावांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिशीवरून हात फिरवला. "न्या. पण दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागते, त्याच्या आंधी वापस पाहिजे. माह्या गुळात ते किडेखाऊ फूल निघालं, तं दोघाईले पंचायतीत उभं करीन!"

त्यांची विधवा बहीण झुंबरबाई आतून बाहेर आली. सारा गाव तिला आत्याबाई म्हणे, मीही म्हणायची. "दोघं नाही जाणार," ती म्हणाली. "मी बसतो मधात."

"आत्याबाई, तुम्हाला पाण्याची भीती नाही वाटत?"

"पाण्याची नाही वाटत, गावाच्या तोंडाची वाटते. म्हून बसतो."

पहिली चाचणी उताराजवळच्या डोहात झाली. सुधाकररावांनी बांबूला तुपाच्या डब्याचा पत्रा ठोकून दोन वल्ही केली होती. ते एकटेच ऐटीत कढईत बसले, एक वल्हं पाण्यात घातलं — आणि कढई जागच्या जागी फिरू लागली. त्यांचा चेहरा दिसे, मग पाठ दिसे, मग पुन्हा चेहरा.

"बाई! हे थांबवा हो!"

"तुम्ही एकाच बाजूनं ओढताय! दुसऱ्या बाजूनं कुणीतरी तेवढ्याच जोरानं वल्हवलं पाहिजे."

"कुणीतरी?"

"हो. कुणीतरी."

"त्या कुणीतरीले नाव नाही का वं?" आत्याबाई काठावरून म्हणाली. मी पदर सारखा केला. कढईतला माणूस मात्र चक्कर आलेली असतानाही हसत होता.

सगळी तयारी खरं म्हणजे तेवढीच होती. पण आम्ही दोघंही काळजीपूर्वक काम करणारी माणसं. पुढच्या शनिवारी मी म्हटलं, दोर आणखी लांब हवा. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांना वाटलं, वल्ह्यांना एरंडेल पाजलं पाहिजे. मग शाळेच्या सहामाहीचे पेपर आले. मग नकाशावरचं एक वळण त्यांना संशयास्पद वाटलं आणि आम्ही अख्खी दुपार त्या एका वळणावर डोकी घालून बसलो. त्यांच्या बाहीला तंबूतल्या धुराचा वास येत होता. नकाशावर एकदा त्यांचं बोट आणि माझं बोट एकाच ठिकाणी आलं... दोघांनीही लगेच मागे घेतलं, आणि दोघांनाही ते वळण पुन्हा तपासावंसं वाटलं.

"अवं, लंकेले जाऊन राह्यले का तुम्ही?" आत्याबाई विचारी. "रामानं एवढा बेत नसंन केला!"

मी हसायची, पण रात्री झोप लागत नसे. दसऱ्यानंतर तंबू उठणार होता. चिखलीला बाबा माझ्यासाठी स्थळं बघत होते, आणि दिवाळीत घरी गेल्यावर मला एका स्थळाला हो किंवा नाही सांगायचं होतं. सुधाकररावांनी नदीशिवाय कशाबद्दलही काही विचारलं नव्हतं. माझ्या मनात काय आहे ते मला नेमकं ठाऊक होतं. त्यांच्या मनातलं मात्र मोजायला पट्टी नव्हती. सहलीच्या दिवशी ते बोलतील, असं मी स्वतःला सांगत होते. आणि सहल पुढे ढकलत होते.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी ते आले तेव्हा पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

"हुकूम आलाय. तंबू सोमवारीच उठवायचा." टोपी त्यांच्या हातात गोल गोल फिरत होती. "उद्याचाच एक दिवस आहे, बाई."

रविवारी सकाळी उकंडरावांच्या गड्यानं, कारभारीनं, बैलगाडीतून कढई वरच्या उतारावर आणून दिली, आणि तो गाडी घेऊन खालच्या उताराकडे निघून गेला. आत्याबाई भाकरी-पिठल्याचं गाठोडं आणि पानाचा डबा घेऊन कढईच्या मधोमध बसली. डावीकडे मी, उजवीकडे सुधाकरराव.

"एक... दोन..." ते मोजू लागले, आणि कढई खरोखरच सरळ निघाली. हवेत ओल्या गवताचा वास होता. टेकड्या जवळ आल्या, गावातला कोंबडा मागे पडला. मग फक्त दोन वल्ह्यांचा आवाज. त्यांचा हात थांबला की माझा थांबे. काही न ठरवता.

"तुम्ही जोर कमी लावताय," मी म्हटलं.

"तुमच्याएवढाच लावतोय. तुम्हीच सांगितलं होतं."

"मग असाच लावा."

पहिल्या वळणावर कढई खरकन घासली. थांबली. आम्ही उतरलो, ढकललं, पुन्हा बसलो. दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्या वळणावर आत्याबाईनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"पाणी कमी अन मी जड. मी उतरतो हो," ती म्हणाली. पाणी ओसरल्यामुळे काठाला वाळूचा कोरडा पट्टा मोकळा झाला होता. त्यावरून ती चपला आणि पानाचा डबा हातात घेऊन चालू लागली. "माहे डोळे हायेत तुमच्यावर, ध्यानात ठेवा!" असं म्हणाली, आणि पुढच्या जांभळीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून पान लावायला बसली.

जांभळीसमोरच डोह होता. काळा, शांत, आणि त्यावर पिवळा शिडकावा झाल्यासारखी इवली फुलं. मी कढईच्या काठावर पालथी झाले आणि एक फांदी अलगद उचलली. पाण्याखालच्या पिशव्या मोहरीएवढ्या, पारदर्शक.

"बघा," मी म्हटलं. सुधाकरराव बघत होते... फुलाकडे नाही.

"सापडलं म्हणायचं," ते हळूच म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. आता बोलतील. पण त्यांनी वल्हं उचललं आणि आम्ही डोह ओलांडला. पुढे कढई पुन्हा रुतली, या वेळी चांगलीच. आम्ही दोघं खाली उतरलो. पाणी घोट्याच्या जरासं वर. मी कढईला हात लावला, पण ढकलली नाही.

"पाणी फार उतरलंय," मी म्हटलं.

"हो."

"गणपतीत निघालो असतो तर कुठेच अडलो नसतो."

"नसतो."

"तुम्ही रोज सकाळी पट्टी वाचता, सुधाकरराव. पाणी उतरतंय हे साऱ्या सोनाळ्यात सगळ्यात आधी तुम्हाला कळत होतं. मग लवकर निघू या, असं एकदाही का म्हणाला नाहीत?"

त्यांनी कढईच्या काठावर हात टेकला.

"म्हटलं असतं, तर निघालो असतो," ते म्हणाले. "अन मंग? एका दिवसात नदी संपली असती. पुढच्या शनवारी शाळेच्या ओसरीवर यायले मले काय कारण राह्यलं असतं?" पुस्तकातली भाषा कुठल्या कुठे गेली होती. "रोज सकाळी पाहो, पाणी उतरून राह्यलं. कागदावर लिहो. अन मनात म्हणो, उतरू दे. एक शनवार तं भेटला!"

मी साडीचा ओला काठ पिळला.

"उतारावरचे खडक उघडे पडताना मलाही दिसत होते," मी म्हटलं. "शाळेत जाता-येता."

"मंग दोर लांब पाहिजे, असं काऊन म्हटलं?"

"जुना दोर पुरेसा लांब होता."

त्यांनी मान वर केली. इतकं स्वच्छ हसू मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

"चारुलता," ते म्हणाले. पहिल्यांदाच. "तुमच्या बाबांकडे येऊ? चिखलीला? म्हणजे... आधी घरी विचारतो. मग मामांना सोबत घेतो. मग चांगला दिवस पाहून एक चिठ्ठी—"

"सुधाकरराव."

"काय?"

"सोमवारी तंबू उठला की मंगळवारी चिखलीची मोटार धरा. मीही आज बाबांना कळवते, कोण येणार आहे ते."

"म्हणजे... हो?"

"हो," मी म्हटलं. "हाव."

कढईच्या काठावरचा त्यांचा हात सुटला आणि माझ्या हातावर आला. ओला, खरखरीत, एरंडेलाचा वास असलेला. मीही कढई सोडली आणि माझा दुसरा हात त्यावर ठेवला. आमची वजनं उतरलेली, धरणारं कुणी नाही... कढई वाळूवरून हलकेच सुटली, एक गिरकी घेतली, आणि भाकरी-पिठलं अन दोन्ही वल्ही घेऊन धारेला लागली.

"अवं माय वं!" जांभळीखालून आत्याबाईची हाक आली. म्हणजे पाठ कधीचीच फिरली होती. "पहिले कढई धरा बाप्पा! हात मंग धरजा!"

आम्ही पाणी उडवत धावलो. हसू आवरेना, ओली साडी पायांत गुंतत होती, एकदा मी घसरले, एकदा ते. कढई पुढच्या वळणावरच्या करंजीला अडली, तेव्हा कुठे हाती लागली.

पकडली आम्ही ती. पण आत्याबाईनं सांगितलेल्या क्रमानं नाही.