रेघेआधीच थांबणारी बस

“बाबांचा दुपारचा डबा आजही भरलेलाच परत आला!” ताईने झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावून टाकलं.

सुट्टीचा बेत केव्हाच बोंबलला होता. आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाबांची लांबलचक बस इतर गाड्यांपेक्षा रोज पाच लिटर डिझेल जास्त पीत होती. ‘गाडीत काही दोष नाही,’ असं डेपोत गाड्यांची दुरुस्ती बघणाऱ्या फोरमनकाकांनी लिहून दिलं होतं. मग डिझेल जातं कुठे? ड्रायव्हरच विकत असणार, अशी कुजबुज डेपोभर पसरली होती. उद्या डेपोचे साहेब बाबांना बसवरून उतरवणार होते, चोर म्हणून!

“ताई, बाबांनी खरंच...” धाकट्याने विचारलं. त्याला सगळे प्रश्नपत्रिकाच म्हणायचे.

“एक ठेवून देईन हं!” ताई ओरडली, आणि मग तिलाच रडू आलं.

“रडून काय होणार? चला डेपोत!” भिंगरीने तिला डब्यासकट ओढलंच. भिंगरी ताईच्या वर्गातली, फोरमनकाकांची एकुलती एक लेक.

डेपोत बाबांची बस नुकतीच फेरी संपवून आली होती. धुलाईवाले आजोबा गाड्या धुवायचे ते एका छोट्या चढावर. गाडी धुऊन झाली की ते ब्रेक सोडायचे, आणि गिअरमध्ये न टाकता तिला आपसूक उतरू द्यायचे. खालच्या पांढऱ्या रेघेपर्यंत ती आपणच मागे घरंगळत जायची. तेवढंच इंजिन सुरू करणं वाचतं!

एक बस रेघेपर्यंत गेली. दुसरीही गेली. बाबांची मात्र आठ-दहा पावलं आधीच थांबली.

“ही अशीच लाडावलेली!” आजोबा म्हणाले. “महिना झाला, मध्येच बसते मेली.”

“का बसते? उतार तोच, मग ही का बसते?” प्रश्नपत्रिकेने विचारलं.

ताई चमकली. “अरे, काहीतरी तिला आतून धरून ठेवतंय! मग इंजिनलाही रोज जास्त जोर लावावा लागत असणार!”

“ब्रेक चिकटला असेल?” भिंगरी म्हणाली.

आजोबांनी चाकांमागे लाकडी ठोकळे लावले आणि चारी चाकांजवळ हात धरून पाहिला. चाकं नुसती कोमट होती, म्हणजे ब्रेक चिकटलेला नव्हता. पण मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा, ज्याच्यातल्या गिअरांमुळे चाकं फिरतात, तो चांगलाच तापलेला होता.

“त्यात तेल असतं,” भिंगरी म्हणाली. “समोरच्या भोकापर्यंतच भरायचं. जास्त झालं तर गिअरांना तेच घुसळत बसावं लागतं. पप्पाच सांगतात.”

“मग जास्त कसं झालं?” ताईने विचारलं.

भिंगरीने चढाकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला.

“ही बस लांब आहे. दुरुस्तीच्या खड्ड्यावर मावत नाही. म्हणून हिचं तेल पप्पा इथे चढावर भरतात, तोंड वर असताना.” तिने पाण्याची अर्धी बाटली आडवी धरली आणि एक टोक वर उचललं. पाणी मागे सरकलं. “भोक पुढच्या बाजूला. तिथपर्यंत तेल दिसत नाही, म्हणून ते आणखी ओततात. गाडी सपाटीवर आली की...”

“तेल जास्त झालेलं असतं!” प्रश्नपत्रिकेने वाक्य पुरं केलं.

“तू नको येऊस साहेबांकडे,” ताई हळूच म्हणाली. “आम्ही सांगतो.”

“नाही. मीच सांगणार.”

साहेब ऐकून घेत होते, तोच फोरमनकाका भडकले. “वीस वर्षं तेल भरतोय मी! ही शेंबडी पोरं मला शिकवणार?”

“पप्पा, मला भीती वाटतेय,” भिंगरी रडत म्हणाली. “पण चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय हो! एकदा भोक उघडून बघा ना!”

साहेब उठले. “उघडा.”

सपाटीवर बूच काढताच तेलाची धार लागली! पाहता पाहता बादली भरली, आणि दुसरी पुढे सरकवावी लागली. धार थांबल्यावर बूच लावलं. बस पुन्हा चढावर नेली. आजोबांनी ब्रेक सोडला. बस घरंगळत आली, आणि थेट रेघेवर जाऊन थांबली!

“शाब्बास!” साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. बाबांकडे वळून ते म्हणाले, “चुकलंच आमचं. उद्या बस तुम्हीच काढायची. आणि यापुढे हिचंही तेल सपाटीवरच भरायचं!”

टाळ्या वाजल्या. भिंगरीने वाजवल्या नाहीत. फोरमनकाका बादलीशेजारी मान खाली घालून उभे होते. आठ दिवसांत त्यांनी बाबांना नमस्कारसुद्धा केला नव्हता.

“ताई, डबा आण ग,” बाबा म्हणाले.

ते पायरीवर बसले. त्यांनी डबा उघडून झाकणात अर्धं जेवण काढलं आणि फोरमनकाकांपुढे धरलं.

“मला नाही जाणार आज घास,” काका पुटपुटले.

“मला आठ दिवस जात नव्हता,” बाबा म्हणाले. “बसा. पोरीलाही बोलवा, सकाळपासून उपाशी असेल ती.”