मौनाचं जेवण

पहिला घास तोंडात गेला आणि नेमका तेव्हाच तो समोर येऊन उभा राहिला. खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत चिखल, हातावर चांगला लांब ओरखडा.

"सिस्टर, जरा मलम मिळेल?"

मी बोट वर करून थांबायची खूण केली. चातुर्मासात माझं मौनाचं जेवण असतं. जेवताना एक शब्द जरी निघाला, तर पानावरून उठायचं, आणि मग अन्न थेट दुसऱ्या दिवशी. बोरिवलीच्या जंगलातल्या करवंदपाड्यावर दर रविवारी मी सेवा म्हणून दवाखाना चालवते, आणि दुपारी सोनूआत्यांच्या ओट्यावर डबा खाते. पाड्याला हे ठाऊक होतं. याला नव्हतं.

तो क्षणभर गोंधळला. मग चेहरा एकदम मऊ करून, हातवारे करत, मोठ्यानं म्हणाला, "मला... इथं... लागलंय! समजलं... का?"

हसू दाबताना ठसकाच लागला मला. भराभर डबा संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "समजलं. बसा. नाव काय?"

तो चक्क दोन पावलं मागे सरला. "अरे देवा... बोलता तुम्ही?"

रतन वरठा. आत्यांचा भाचा, वनखात्यात वनरक्षक. बिबट्यांचे फोटो काढणारे कॅमेरे झाडांना बांधताना काटेरी वेलीनं ओरबाडलं होतं. मी औषध लावत होते आणि तो माझ्याकडे बघत होता... ओरखड्याकडे नाही.

"दुखतंय का?"

"आता नाही. मघाशी वाटलं, एवढी छान मुलगी आणि मुकी! जीव हळहळला हो."

"धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत का सहा महिन्यांत?"

"हे काय उत्तर झालं?"

पुढच्या रविवारी बरोबर जेवणाच्या वेळेला तो हजर! "मॅडम, आज तुम्हाला बोलतं करणार. पैज." बिबट्याची नक्कल केली, माकडाची केली. मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. कान मात्र... कान कुठे माझं ऐकत होते! त्यानंतरच्या रविवारी तो फक्त समोर बसून राहिला, आणि उठताना हळूच म्हणाला, "निळी ओढणी चांगली दिसते." त्या दिवशी डब्यात काय होतं, आजही आठवत नाही.

चौथा रविवार. पाऊस नुकताच थांबला होता. मी चार घास खाल्ले असतील. तो ओट्याखालच्या सरपणावर पाय टेकून उभा.

"हरलो, मॅडम. पण एक सांगून टाकतो. मी तुमच्या—" तो थबकला. "आई गं! काहीतरी टोचलं."

सरपणातून फुसकारा आला, दाबून धरलेल्या कुकरच्या शिट्टीसारखा. जाड अंगाची, पाठीवर साखळीसारखी नक्षी... घोणस! ती सरकत गवतात शिरली. त्याच्या घोट्यावर रक्ताचे दोन थेंब.

"हलू नका! रतन, अजिबात हलू नका!"

तो पांढराफटक पडला होता, तरी ओठ हसले. "बोललात... जिंकलो मी."

"गप्प बसा!" पान तसंच टाकून मी खाली उडी मारली होती. कुणी नायलॉनची दोरी आणली, ती मी हिसकावून घेतली. "बांधायचं नाही, कापायचं नाही!" एक फळी लावून पाय सैलसर गुंडाळला. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता.

सोनूआत्या म्हणाल्या, "पोरी, आधी भगताकडं नेऊ. मुळी देल तो."

वेळ नव्हता. पण आत्यांच्या श्रद्धेला धक्का कसा देऊ? मीही देवावरच तर जगते. त्यांचे दोन्ही हात धरले. "आत्या, वाघदेवाला नारळ बोलू या, आपण दोघी. पण याला दवाखान्यात नेऊ द्या मला. उशीर झाला तर वाचणार नाही हो हा!"

आत्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग वळून ओरडल्या, "झोळी आणा रे!"

चौघांनी त्याला झोळीत घालून चिखलातून जंगलाच्या गेटपर्यंत आणलं. समोर दिसेल त्या रिक्षात त्याला घेऊन आत्या आणि मी चढलो. हायवेला ट्रॅफिक. त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि माझी बोटं त्याच्या नाडीवर... एका ठोक्याला देवाचं एक नाव. ठोका चुकला तर नाव चुकेल, अशी भीती.

"मघाचं... राहिलं सांगायचं," तो पुटपुटला.

"बरे झाल्यावर सांगा. मी ऐकणार आहे. नक्की ऐकणार आहे!"

सरकारी हॉस्पिटलात सापाच्या विषावरची लस होती. खिडकीतल्या माणसानं मला विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

माझं तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "आमची सून."

त्यानं लिहून घेतलं. मी... खाली सही केली.

दोन दिवस जिवाला घोर होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, रक्त पुन्हा नीट गोठायला लागलंय, धोका टळला. मी ड्युटी संपवून धावत गेले. तो उशीला टेकून बसला होता, डोळ्यांत तोच खोडकरपणा.

"इथल्या सिस्टर म्हणाल्या, तुमच्या बायकोनं फार धावपळ केली. आत्या खोटं बोलली ना?"

मी सलाईनची नळी उगाच सरळ केली. "पाड्यातली लग्नं आत्याच लावतात, त्या धवलेरी. त्यांचा शब्द मी कसा खोडणार?"

"म्हणजे... गंधाली?" पहिल्यांदाच नुसतं नाव. "मी तुमच्या प्रेमात पडलोय, तेच सांगत होतो. आणि तू?"

मी नळी सोडली आणि त्याच्या बोटांत बोटं गुंफली. तेवढ्यात आत्या पेजेचा डबा घेऊन आत आल्या. आमच्या गुंफलेल्या हातांकडे बघून म्हणाल्या, "काय गं, ठरलं का?"

देवघरातसुद्धा कुजबुजत आरती म्हणणारी मी, पण त्या दिवशी अख्ख्या वॉर्डानं ऐकलं—

"हो! भातकापणी झाली की लगेच!"