दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

“ताई, असशील तशी निघून ये. आमची तबकडी कोणीतरी खरवडलीय.”

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा ताई एका जळालेल्या गोदामात नाकाला रुमाल लावून उभी होती. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची, हे तिचं काम. आग लागली की लावली, ते राखेकडे बघून सांगायचं.

“खरवडली म्हणजे?”

“दादाचं गाणं पार गेलं. कोणी केलं तेही मला ठाऊक आहे. तू फक्त ये आणि तिच्या तोंडावर सांग.”

“निकाल लावून बसलायस, मग मी कशाला?” ताई म्हणाली खरी, पण चपला तोवर दाराकडे वळल्या होत्या.

तबकडी कापायची खोली एका जुन्या इमारतीच्या माथ्यावर होती. दार उघडताच नेलपॉलिशसारखा वास आला. मधोमध लोखंडी यंत्र, भिंतीला लाकडी मांडणी, तिला टेकवलेली एक गिटार, आणि खोलीत पाच माणसं. पाचही जणांची तोंडं पाच दिशांना.

धाकटा बँडचा गायक. येरझाऱ्या घालत होता. ड्रम वाजवणारा ठोक्या खुर्चीच्या पाठीवर बोटं आपटत होता. बेस गिटार वाजवणारी नवी खिडकीत बसून डोळे पुसत होती. बँडमध्ये येऊन दोन वर्षं झाली तरी तिचं नाव नवीच राहिलं होतं. यंत्राची मालकीण कटिंगवाली बाई कमरेवर हात ठेवून उभी. आणि थोरला भाऊ, ज्याच्या गिटारवर हा बँड उभा राहिला, तो कोपऱ्यातल्या मोरीत चहाचे कप विसळत होता.

“अगंबाई! तू आणि भांडी?” ताईला राहवेना.

सोळा वर्षांचा असल्यापासून गिटारसाठी उजव्या हाताची नखं जपायची म्हणून ह्या पठ्ठ्याने घरात एक चमचा धुतला नव्हता. त्याच्या वाटणीचं सगळं ताईने घासलं होतं.

“हातांना काहीतरी चाळा हवा,” थोरला मान वर न करता म्हणाला.

बिचारा, ताईच्या मनात आलं. गाणं ह्याचं गेलं आणि कपही हाच धुतोय.

बाईंनी तबकडी दिव्याखाली धरली. धातूची चकती, वर काळा, चकचकीत, मऊ थर. ह्या थरात गाणी कापायची, ह्याच्यावरून साचा, आणि साच्यावरून दुकानात जाणाऱ्या रेकॉर्ड. काळ्या थरावर ना नाव ना चिठ्ठी. दोन गाण्यांमध्ये फक्त एक मोकळी पट्टी. दुसऱ्या बाजूच्या काठाजवळच्या पहिल्या गाण्यावर आडवा ओरखडा होता. काठापासून निघालेला आणि पहिल्या मोकळ्या पट्टीवर येऊन नेमका थांबलेला.

“केसांची पिन,” धाकटा नवीकडे बोट दाखवत म्हणाला. “हिच्या डोक्यात बघ किती आहेत.”

ताईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ओरखडा रुंद होता, तळाशी गोलसर, उथळ. खालचा धातू कुठेच उघडा पडला नव्हता. तिने फक्त हं केलं आणि बाईंना जिन्यात बोलावलं.

“खोलीत आज कोण कोण आलं?”

“सगळेच. तबकडी साच्याला निघायची म्हणून निरोप द्यायला आले होते. लेकीला सासरी पाठवल्यासारखं एकेकजण आत जाऊन बघून आला. मी बाहेर खोकं बांधत होते.”

“प्रत्येकजण एकटाच गेला?”

“एकटाच. थोरल्याने तेवढं विचारलं, दुसरी बाजू कुठली. नाहीतर चुकून पहिलीच बाजू बघत बसतात लोक.”

“तो कालही होता?”

“छे. काल कापताना हे तिघंच. आणि काल मी होते म्हणून निभावलं, सांगते! यांचा दुसऱ्या बाजूचा क्रमच उलटा. तबकडी आत आत जाते तशी फेरी लहान होते, कर्कश गाणं तिथे ठेवलं की फाटतं. थोरल्याचं ‘कुलूप’ म्हणजे नुसता दणका, ते ठेवलं होतं शेवटी. आणि नवीचं ‘पायऱ्या’ म्हणजे कुजबुज, ते पहिलं. म्हटलं, अदलाबदल करा. खालच्या गल्लीतल्या त्या दुसऱ्या कापणाऱ्याने तसंच कापून दिलं असतं, आणि लोक त्याला म्हणतात कलाकार!” बाईंचा आवाज चढला. त्या गल्लीतल्या माणसावर त्यांचा जुना दात असणार.

“क्रम बदलल्यावर गोष्ट बिघडली नाही?”

गोष्ट ताईला तोंडपाठ होती. सगळ्या गाण्यांची मिळून एकच गोष्ट: वीज गेलेल्या उंच इमारतीत एक माणूस निरोप घेऊन जिना चढतो आणि एकेक दार ठोठावतो. प्रत्येक गाणं एक दार.

“दार हे काय, नि ते काय,” बाई म्हणाल्या. “धाकट्याने तर उडीच मारली. लगेच हो म्हणाला.”

मग ठोक्या आला.

“ताई, मला विचाराल तर मी कशाला करू? ड्रमवाल्याला कोण विचारतो? फोटोतही आम्ही मागेच. गाणं कोणाचंही गेलं तरी आमची जागा तीच.”

“जळतोस?”

“थोडा,” ठोक्या हसला. “पण दादावर नाही. दादा देवमाणूस. बाई ओरडल्या ना, ‘दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यावर ओरखडा पडलाय’, तेव्हा आम्ही सगळे थिजलो. दादाने मात्र आधी नवीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, ‘रडू नकोस, पुन्हा कापता येईल.’ स्वतःचं गाणं गेलेलं असताना! मग बाईंनी ‘कुलूप’चं नाव घेतलं, तेव्हा कुठे मटकन खाली बसला.”

“नवी तेव्हा रडत होती?”

ठोक्याने डोकं खाजवलं. “नाही हो. ती रडायला लागली धाकट्याने तिच्यावर आळ घेतला तेव्हा.”

नवीला बोलवावं लागलं नाही. ती आपणहून जिन्यात आली आणि पायरीवर बसली.

“काल तुझं गाणं मागे गेलं. राग आला?”

“आला. खोटं कशाला बोलू? रात्रभर जळत होते. सबंध रेकॉर्डवर माझं म्हणून एकच गाणं, त्यात गिटारचा एक सूरही नाही, म्हणून दादा ते सुरू झालं की उठून बाहेर जातात. ते पहिलं होतं, तेवढाच मान होता. तोही त्यांनाच गेला.”

“मग ओरखडा?”

“माझा नाही. ताई, धाकटा म्हणतोय मी निघून जायचं. बाईंकडे एक कोरी तबकडी शिल्लक आहे, ती दुपारी कापणार, माझं गाणं वगळून. असा डाग घेऊन मी कुठल्या बँडच्या दारात उभी राहू?”

ताईने तिच्या हातांकडे बघितलं. बेस वाजवणारी बोटं, टोकांना घट्टे, नखं पार मुळापर्यंत कापलेली.

“नखं केव्हा कापलीस?”

“नेहमीच अशी असतात. नखं असली तर माझं वाद्यच वाजत नाही.”

शेवटी धाकटा. तो पायरीवर बसेना, कठड्याला धरून उभा राहिला.

“दादा काल का आला नाही?”

“रुसला होता. हिचं गाणं पहिलं ठेवलं म्हणून परवा माझ्याशी कडाकडा भांडला. ‘आता तुला तीच दिसते, मी म्हातारा झालो,’ म्हणाला. ताई, ह्याच माणसाने मला गिटार धरायला शिकवलं. बाईंनी क्रम बदलायला सांगितला तेव्हा मला इतकं बरं वाटलं! ह्या दोघांना बजावलं, दादाला कोणी सांगायचं नाही. रेकॉर्ड त्याच्या हातात पडेल, तो सुई ठेवेल, आणि त्याचंच गाणं वाजेल.” त्याने कठड्यावर मूठ आपटली. “आणि हिने त्याच्यावरच ओरखडा मारला.”

ताईला सगळं कळलं होतं, आणि कळल्याचा तिला मनापासून राग आला होता. जळालेल्या गोदामांचं बरं असतं, तिथे आपलं कोणी राहत नाही.

ती मोरीपाशी गेली. थोरला तेच कप पुन्हा विसळत होता.

“तुला मला काही सांगायचंय?” तिने हळूच विचारलं.

“मी काय सांगणार? माझंच गाणं गेलंय.”

“ती पोरगी आज घरी जाईल. कायमची.”

थोरल्याचा हात नळावर थांबला. “धाकट्याने ठरवलंय,” तो म्हणाला आणि नळ सोडला.

तेव्हा ताईने सगळ्यांना यंत्राभोवती बोलावलं.

“पहिली गोष्ट. ही केसांची पिन नाही. पिन खालच्या धातूपर्यंत गेली असती. हा थर इतका मऊ आहे की नखाने ओरखडतो. रुंद, गोल, उथळ. हे नख आहे, आणि ते वाढवलेलं, जपलेलं. नवीला नखं नाहीत. ठोक्याला नाहीत, धाकट्यालाही नाहीत.”

कोणी काही बोलायच्या आत ती थोरल्याकडे वळली.

“गिटार घे आणि ‘कुलूप’ वाजव. पहिली ओळ पुरे.”

थोरला जागचा हलला नाही. हातातला टॉवेल त्याने घट्ट धरला.

“काय चाललंय, ताई?” धाकटा भडकला. “स्वतःचं गाणं स्वतः खरवडेल का कोणी?”

“नाही खरवडणार. त्याने तुमच्या नवीचं गाणं खरवडलं.”

ताईने तबकडीच्या काठाकडे बोट दाखवलं.

“ह्या तबकडीवर नाव नसतं. कोणतं गाणं कुठे, ते क्रम माहीत असणाऱ्यालाच कळतं. तुम्हा तिघांना आणि बाईंना नवा क्रम ठाऊक होता. तुमच्यापैकी कोणाला नवीचं गाणं नासवायचं असतं, तर ओरखडा आत, शेवटच्या गाण्यावर पडला असता. जुना क्रम डोक्यात असलेला माणूस इथे एकच, कारण तुम्ही त्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याने बाईंना दुसरी बाजू विचारली आणि काठाचं पहिलं गाणं गाठलं. मोकळ्या पट्टीपाशी नीट थांबला, कारण पलीकडचं गाणं तुझं होतं, धाकट्या. ते त्याला जपायचं होतं.”

“कशावरून?” बाईंनी विचारलं.

“बाई, तुम्ही फक्त ‘पहिलं गाणं’ म्हणालात. त्या वेळी नवी रडतही नव्हती. मग ह्याने तिलाच ‘रडू नकोस’ का म्हटलं? गाणं तिचं गेलं असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं म्हणून. तुम्ही ‘कुलूप’ म्हणालात तेव्हा तो मटकन बसला. ते दुःख नव्हतं, आपण काय केलं ते कळलं होतं. मग नखाखाली काळा चुरा राहिला होता. नखं कापली आणि साबणाच्या पाण्यात हात घालून बसला. आयुष्यात एक कप न विसळलेला माणूस! दाखव हात.”

थोरल्याने टॉवेल ठेवला. उजव्या हाताची नखं वेडीवाकडी, घाईघाईत कापलेली होती. अंगठ्याला थोडं रक्त सुकलं होतं.

“तिचं गाणं सगळ्यांना आवडतं,” तो कोणाकडेच न बघता म्हणाला. “त्यात गिटार नाही, आणि तरी आवडतं. मला सहन होईना. फक्त एकदा तिला मागे ढकलायचं होतं. पण नंतर, तिला घालवायला निघाले तेव्हा, मी गप्प बसलो. ते जास्त वाईट.”

“दादा, पहिली जागा मी तुला दिली होती,” धाकटा म्हणाला. “तुला कळायच्या आत तू...”

“मला ऐकू दे,” थोरला म्हणाला.

बाईंनी तबकडी चढवली, सुई ठेवली. ‘कुलूप’ सुरू झालं. दणदणीत, खणखणीत, कधी वाजलं नव्हतं इतकं मोकळं. आणि प्रत्येक फेरीला एक टक्. टक्. थोरला उभ्याने सबंध गाणं ऐकत राहिला. एकदाही मान वर केली नाही.

गाणं संपलं. बाईंनी कपाटातून शेवटची कोरी तबकडी काढली.

“क्रम कुठला?” त्यांनी धाकट्याला विचारलं.

धाकटा नवीकडे वळला. त्याची मान खाली गेली होती. “माझी चूक झाली. तू म्हणशील तसं.”

नवीने नाक पुसलं. तिने थोरल्याकडे बराच वेळ बघितलं. रागावली होती ती, आणि ते लपवायचा तिने काडीचाही प्रयत्न केला नाही.

“‘कुलूप’ पहिलं,” ती म्हणाली. “ते तिथेच चांगलं वाजतं, हे काल रात्री जळत असतानाही मला कळत होतं. पण एक अट. ह्या जुन्या तबकडीवर माझं गाणं शाबूत आहे. ते दादांनी आत्ता ऐकायचं. पूर्ण. दोन वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही त्यांनी.”

बाईंनी सुई आत, शेवटच्या पट्टीपाशी नेली. थोरल्याची नजर सवयीने दाराकडे गेली. दारात ताई उभी होती, आणि ती बाजूला झाली नाही.

तो यंत्राजवळच्या स्टुलावर बसला. नवीचा आवाज आला, हळू, जिना चढणाऱ्या माणसाच्या धापेसारखा. मध्ये कुठेही टक् नव्हतं. थोरल्याने कापलेली बोटं मुठीत घेतली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. ते म्हणताना त्याला किती लागलं, हे खोलीतल्या सगळ्यांना दिसलं.

“माहितेय,” नवी म्हणाली, आणि बाईंना कोरी तबकडी चढवायला मदत करू लागली.