तीनदा परत आलेला चेक

तिन्ही लिफाफ्यांवर सही बाईंचीच होती.

करकचेरीत परत येणारं टपाल बाई सांभाळत. टाळेबंदीच्या काळात धंदा बुडालेल्या दुकानदारांना सरकारनं मदतीचे चेक पाठवले होते. त्यातला एका लाँड्रीवाल्याचा चेक, दर वेळी जुना रद्द करून नवा पाठवूनही, तीनदा परत आला होता. दर वेळी लिफाफ्यावर शेरा एकच, 'पत्ता सोडून गेले'. आणि दर वेळी बाईंनी मान वर न करता सही ठोकून लिफाफा कपाटात ढकलला होता.

आता लाँड्रीवाल्याची मुलगी समोर बसली होती. पत्ता तीस वर्षं तोच आहे म्हणाली. उद्या भाडं भरलं नाही तर दुकानाला कुलूप लागणार होतं. चौथ्यांदा चेक परत आला की फाइल बंद, हा नियम तिला सांगताना बाई ओशाळल्या. बिचारी खच्चून भरलेल्या बसमधून धक्के खात आली होती, तरी तिनं घरून लिहून आणलेल्या अर्जावर एक सुरकुती नव्हती.

बाईंनी पोस्टमनविरुद्ध तक्रार लिहून टाकली आणि मग त्याला बोलावलं. क्रम उलटा होता, पण स्वतःची चूक टोचत होती, म्हणून दुसऱ्याची शोधायची घाई झाली होती.

"लिफाफा कुणाला दिलात?"

"दुकानाच्या पेटीत टाकला. तिन्ही वेळा."

"मग परत कसा आला?"

"दोन दिवसांनी चौकातल्या टपालपेटीत सापडायचा. शेऱ्यासकट."

"शेरा तुमचा नाही?"

"माझं अक्षर एवढं सुबक असतं तर मी पत्रं वाटली नसती मॅडम, लिहिली असती."

तो गेल्यावर बाई लिफाफे घेऊन खिडकीशी गेल्या. टपालाच्या पिशवीतून दोनदा फिरलेले लिफाफे, पण कोऱ्यासारखे सपाट. एकही फोडलेला नव्हता. पत्ता दिसावा म्हणून लावलेला पारदर्शक कागद मात्र तिन्हींवर आक्रसला होता. उन्हानं म्हणावं, तर कपाटात ऊन कुठून येणार? बाईंना तो बिनसुरकुतीचा अर्ज आठवला.

दुपारी तिसरा लिफाफा पर्समध्ये घालून त्या लाँड्रीत पोचल्या. म्हातारा लाँड्रीवाला शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होता.

"सकाळी टपालाची पेटी कोण उघडतं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"बाबा. मी तेव्हा कपडे पोचवायला जाते."

बाईंनी लिफाफा टेबलावर ठेवला.

"चोराला पैसे हवे असते तर त्यानं हा फोडला असता. ज्यानं परत पाठवला, त्याला आतलं वाचायचीच भीती होती. पण हाताची सवय सुटेना. चुरगळलेला कागद दिसला की त्यावर इस्त्री फिरलीच पाहिजे. त्यातच हा पारदर्शक कागद उष्णतेनं आक्रसला. काका, करकचेरीचा लिफाफा म्हणजे आत नोटीसच, असं वाटलं का तुम्हाला?"

इस्त्री थांबली.

"जप्तीची," म्हातारा म्हणाला. "कधी ना कधी येणारच होती."

मग तो खाली बघत बोलत राहिला. बायको गेल्यानंतरच्या वर्षी करपत्रकात विचारलं होतं, पत्नी हयात आहे का? 'नाही' लिहायला हात धजेना. 'हो' लिहून मोकळा झाला. तिच्या नावाची सूट मिळून काही कर परत आला, तो त्यानं गुपचूप ठेवून घेतला. ही इस्त्री त्यातूनच घेतलेली. अकरा वर्षं ती हातात धरताना त्याला लाज वाटत होती.

"मला तरी सांगायचं, बाबा."

"तुलाच कसं सांगणार होतो?"

बाईंनी त्याला समजावलं. जप्ती नाही, तुरुंग नाही. दुरुस्तीचा अर्ज भरायचा, तेव्हाची रक्कम हप्त्यांनी फेडायची. मदतीचा चेक मात्र त्याच्या हक्काचा होता. पोच घेऊन त्यांनी तो त्याच्या हातात दिला.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "तीनदा न बघता सही केली. आणि त्या पोस्टमनची माफी मागायची आहे."

बाईंनी पर्समधून काढलेला दुरुस्तीचा कोरा अर्ज म्हाताऱ्यानं पुढे ओढला. 'पत्नी हयात आहे का' यापुढे, लिफाफ्यावरच्याच सुबक अक्षरात त्यानं 'नाही' लिहिलं.

"म्हणजे आता ती गेली, असं धरायचं ना?"

मुलीनं पुढे होऊन इस्त्री बंद केली आणि बापाचा हात हातात घेतला.