सतरा नंबरचे मोडके निरोप

पटलं नाही तर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ज्या बाईवर हे बेतलं, ती माझी सख्खी जाऊ.

कारखान्यात तिला सगळे धाकटी म्हणायचे, कारण तिचा दादाही तिथेच कामाला. दोघं मिळून तिथलं कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायची.

एका संध्याकाळी कारखान्याखालचा बोगदा खचला.

बोगद्यातल्या पंपाच्या खोलीत दोघं अडकले. पंपवाले काका आणि दादा.

हाक नाही. ठोकल्याचा आवाज नाही. फोन मुके.

"आत कोणी उरलं असेल असं वाटत नाही," मुकादम म्हणाला आणि त्यानं पहार खाली ठेवली.

धाकटी वरच्या खोलीत स्विचसमोर बसली होती. साऱ्या केबली येऊन मिळतात ती पेटी म्हणजे स्विच. कुठल्या पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या खाचेवर, किती आलं, किती गेलं, किती बिघडलं, याचे आकडे तो ठेवतो. सतरा नंबर पंपाच्या खोलीचा. त्याचा दिवा विझला होता. आलेल्या निरोपांचा आकडा गोठला होता.

पण चुकांचा आकडा...

वाढत होता.

चूक म्हणजे वाटेत मोडलेला निरोप. स्विच तो मोजतो आणि फेकून देतो.

"साहेब, आतून कोणीतरी बोलतंय! मोडकंतोडकं पोचतंय, पण बोलतंय!" ती मागे उभ्या साहेबांना म्हणाली.

"अगं, केबल तुटलीये. जुने आकडे असतील ते."

जुन्या आकड्यांवर जाऊ नये, हे दादानंच तिला शिकवलं होतं. आधी सगळं शून्यावर आण, मग काय वाढतं ते बघ. तिनं साहेबांच्या डोळ्यांदेखत बटण दाबलं.

शून्य.

शून्य...

एक.

मग चार. मग नऊ.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खोदकाम पुन्हा सुरू झालं.

पहाटे काकांना बाहेर काढलं. जिवंत! धाकटी त्यांच्या पायांशी बसली. "काका, दादा कुठंय? तोच निरोप पाठवत होता ना?"

काका रडायला लागले. "कसले निरोप, पोरी? आत वीजच नव्हती. छत कोसळलं तेव्हा त्यानं मला ढकललं... आणि स्वतः सापडला. मी नाडी बघितली गं. पहिल्याच तडाख्यात गेला तो."

आत पाणी चढत होतं. साहेब म्हणाले, गेलेल्याला काढायला आणखी माणसं गमवायची नाहीत. धाकटीनं मान डोलावली.

बोगदा काँक्रीटनं बुजवला.

ती वर आली. स्क्रीन बंद करायला हात पुढे केला, आणि...

सतरा नंबरच्या चुकांचा आकडा अजून वाढत होता.

पूर्वीपेक्षा भराभर.

"उघडा! साहेब, उघडा तो बोगदा!" ती जिन्यावरून ओरडत धावली. लोकांनी तिला धरलं, पाणी पाजलं, समजावलं. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं म्हणाले.

नंतर एकटी असताना तिनं सतराची केबल उपटून हातात घेतली. आकडा थांबला नाही.

पुढे कारखान्यानं स्विचही बदलला. नव्याच्या सतराव्या पोर्टमध्ये कुणी काहीच लावलेलं नाही. धाकटी अजून तिथेच नोकरीला आहे. मी विचारलं, "जीव नकोसा होतो ना गं? सोड की ती नोकरी."

"कशी सोडू? एखादा तरी निरोप धड पोचला, तर वाचायला कोण असेल?"

परवा तिनं मलाही सतरा नंबरची स्क्रीन दाखवली. मी पाहिलं, आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही.

आलेले निरोप शून्य होते.

चुका वाढत होत्या.