कोपऱ्यातली सही

बसा. दिवा जरा अलीकडे ओढा, मग सांगतो.

जुन्या तसबिरी दुरुस्त करणं हा माझा सुट्टीचा उद्योग. त्यामुळे एका दुपारी बायकोने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे ठेवलं, तेव्हा मी खुशीत होतो. गुंडाळी सोडली आणि खुशी तिथेच विरली. कोळशाने काढलेलं तिचंच चित्र होतं. गाढ झोपलेली ती, गालावर केस, मान किंचित कललेली. खालच्या कोपऱ्यात तिच्या पहिल्या नवऱ्याची सही. माणूस जाऊन कैक वर्षं झाली, पण सहीचा तोरा असा, की घर अजून त्याच्याच नावावर असावं.

"घडीवर फाटलंय हो," ती म्हणाली. "जोडून फ्रेम कराल? आपल्या खोलीत लावू."

"आपल्या खोलीत?"

"मग कुठे? माझंच तर चित्र आहे."

अंगाचा तिळपापड झाला होता, पण मेलेल्या माणसाशी भांडणार कसं? शिवाय तिला असं झोपलेलं मी एकदा तरी डोळे भरून पाहिलं होतं का? नव्हतं. तेच जास्त झोंबलं.

फाटलेल्या घडीला मागून पातळ कागद लावला, मैद्याची खळ सुकू दिली. मग माउंट कापायला घेतलं. काच चित्राला टेकू नये म्हणून मधे जाड पुठ्ठ्याची चौकट घालतात, ती चित्राची कड जराशी झाकते. मी जरा जास्तच झाकली. सही गडप! कड खराब झाली होती, असं बायकोला ठोकून दिलं आणि फ्रेम पलंगासमोर टांगली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो. बायको स्वयंपाकघरात होती. खोलीत विझलेल्या निखाऱ्यांचा वास कोंडला होता... आणि सही पुठ्ठ्याच्या आत आली होती. उशीच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी.

कागद सरकला असेल म्हणून फ्रेम उतरवली. मागची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आत मात्र सहीचा मूळचा कोपरा कोरा, खोडल्याची खूणसुद्धा नाही. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा राग मोठा होता. मी नवा पुठ्ठा घेतला आणि चौकट आणखी आत आणली.

सही तिच्या खांद्यावर गेली. मी खांदा झाकला. सही मानेपाशी आली. मी मान झाकली. आता काचेमागे नुसता चेहरा उरला.

"किती कापताय हो?" बायको गळ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली. "मला... गुदमरल्यासारखं होतंय."

"चित्र बघून?"

ती डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडली.

तिन्हीसांजेला वीज गेली. मी बाहेरच्या खोलीत मेणबत्ती लावून फ्रेम पुन्हा उघडली. आज काय वाट्टेल ते होवो, त्याला हाकलायचंच. कागद ज्योतीजवळ धरला. गाल पाहिला, कपाळ पाहिलं, पुठ्ठ्याखालचा भाग पाहिला. सही नव्हती. कुठेच नव्हती! मी एकटाच हसलो. अखेर गेला बेटा. ती माझी झाली, एकट्या माझी.

तेवढ्यात आवाज आला. खर्र... खर्र... कागदावर कोळसा ओढावा तसा. आतल्या खोलीतून.

मेणबत्ती घेऊन मी दारात गेलो. आवाज थांबला. ती झोपली होती. गालावर केस, मान किंचित कललेली. इतक्या वर्षांत प्रथमच मी तिला असं पाहत होतो, आणि तेही माझ्या आधी कुणीतरी पाहून गेलं होतं. मी वाकून तिच्या गालावरचे केस बाजूला केले.

काळी, तिरकी, ऐटबाज सही.

अंगठ्याने जोरात पुसली. अंगठा काळाकुट्ट झाला. सही तसूभरही फिकी झाली नाही.

"हळू हो..." डोळे न उघडता ती पुटपुटली. "पसरेल... ताजी आहे अजून."